बर्फाच्या गावाचा अंतरा

सेक्टर ३२, चंदीगड
१८ सप्टेंबर १९९७

प्रिय पद्मिनी,

तुझी वहिनी वेडी झाली असं शिशिरचं म्हणणं आहे. तो डॉक्टर आहे, तेव्हा लेकाचं ऐकून घ्यावं लागतं. पण तू नणंद आहेस. माझी बाजू ऐकल्याशिवाय त्याला दुजोरा देऊ नकोस.

आम्ही इथे येऊन पावसाळा गेला. शिशिर सकाळी हॉस्पिटलात जातो, सूनबाई आसावरी युनिव्हर्सिटीत, नेत्रा शाळेत. तुझे दादा सुखना तळ्यावर फिरायला जातात. तिथे त्यांना एक निवृत्त सरदारजी भेटलेत. दोघं एकमेकांना आपापल्या गुडघ्यांची हकिगत सांगतात. राहिले मी. गाव देखणं आहे, खोटं कशाला बोलू. रस्ते पट्टीने आखलेले, चौकाचौकांत फुलं. पण मला सगळे सेक्टर सारखेच दिसतात. परवा कोथिंबीर आणायला गेले आणि येताना भलत्याच सेक्टरात, आपल्यासारख्याच घरासमोर उभी राहून बेल वाजवत बसले. दार उघडणाऱ्या बाईंनी "आओ जी, आओ" म्हणून आत नेलं, लस्सी पाजली, आणि मग पत्ता विचारून घरी आणून सोडलं. त्या ढिल्लों आंटी आता माझ्या मैत्रीण. त्यांची मुलं कॅनडात असतात, पत्र लिहायचा कंटाळा म्हणून कॅसेटवर बोलणं भरून पाठवतात. ती ऐकायला आंटी आमच्या टू-इन-वनपाशी येऊन बसतात. आधी रडतात, मग चहा पितात.

तर मुद्दा. आसावरीचा भाऊ कुणाल सिंगापूरहून नेत्रासाठी एक जपानी खेळ घेऊन आला. करड्या रंगाचा, दोन्ही हातांत धरायचा, वर टिचभर काच. त्या काचेत पाठीवर बोचकं घेतलेला एक चिमुकला माणूस गावोगाव चालत असतो. आपल्या घरी परत निघालाय म्हणे. वाटेत नद्या, काटे, उडणारे कसले कसले प्राणी. नेत्रा त्याला उड्या मारायला लावते, आणि हे चालू असताना आतून गाणं वाजतं. प्रत्येक गावाचं वेगळं.

सुरुवातीच्या गावांची गाणी म्हणजे वरातीचा बँड. मग येतं बर्फाचं गाव. तिथे कोणी नाही. एकच घर आणि त्याच्या धुराड्यातून धूर. त्या गावात गाणं बदललं, आणि पद्मिनी, मी भेंडी चिरत होते ती सुरी तशीच हातात राहिली. आवाज म्हणशील तर पोरांच्या पिपाणीचा. पण काय चाल आहे गं! माझ्या डोळ्यांना धार लागली. नेत्रा म्हणते, "आजी, भिंडी से भी रोना आता है क्या?" आणि तिने माणूस पुढे नेला, कारण बर्फाच्या गावात खेळण्यासारखं काहीच नाही.

आता दुपारी ती अभ्यासाला बसली की मी खेळ मागून घेते, माणसाला बर्फाच्या गावात नेऊन उभा करते आणि ऐकत बसते. तिथवर न्यायला शिकले, हो! नद्या आणि काट्यांचं कुंपण ओलांडून. म्हणून शिशिर मला वेडी म्हणतो.

ही चाल कशातली ते मला सांगता येत नाही. मी गाण्याच्या प्रवेशिकेला नापास झालेली. तुला एका ऐकण्यात कळेल. गुरुनाथराव गेले त्याला वर्ष होऊन गेलं, तेव्हापासून तू पेटीला हात लावला नाहीस हे मला ठाऊक आहे. दसऱ्यानंतर ती शाळेला देऊन टाकणार आहेस, हेही कळलं. शाळेच्या गाण्याच्या मास्तरांनी, आपल्या श्रीनिवासने, दादांना पत्र लिहून "घेऊ ना?" असं विचारलंय. भिडस्त आहे बिचारा. पद्मिनी, देऊ नकोस. आपल्या दोन घरांत एकच भिंत होती, आणि त्या भिंतीतून तुझी पेटी ऐकत मी संसार केला. ती तुझ्या घरात नसणार या विचाराने मला घास गोड लागत नाही.

तुझी,
सरलावहिनी

मिरज
२ ऑक्टोबर १९९७

ती. वहिनी,

नमस्कार आधी, भांडण नंतर.

रविवारी तू शेजारच्या सुमनताईंकडे फोन केलास. माझे हात पिठाचे, तशीच धावत गेले. वाटलं, दादाचं काही बरंवाईट. तर तू म्हणतेस, "बोलू नकोस, ऐक." आणि फोनमधून कढईत मिरच्या टाकल्यासारखा आवाज. मध्येच काहीतरी चिरकलं. सुमनताईंकडे त्यांचे व्याही आले होते, ते चहाची बशी तोंडाशी धरून माझ्याकडे बघत राहिले. मी "हो का, हो का" करून फोन ठेवला आणि वहिनींची तब्येत नरम आहे असं सांगून सुटका करून घेतली. पुन्हा फोनवर काही ऐकवू नकोस.

यंत्रातलं गाणं ऐकून रडलीस यात मला नवल नाही. तू तुपाची जाहिरात बघूनही रडायचीस.

पेटीचं म्हणशील तर माझं ठरलंय. मी जन्मभर साथ केली. हे गायचे, मी मागे वाजवायची. एकटीनं बसून वाजवणं मला कधी जमलं नाही आणि आवडलंही नाही. आता गाणारं माणूसच नाही, तर मी कोणाची साथ करू? जेवणारा नसताना पान वाढून ठेवण्यातला प्रकार. गेलं वर्षभर पेटी माळ्यावर शालीत गुंडाळून ठेवलीय. ती खाली दिसली की मला ते दिसतात आणि मग माझा दिवस वाईट जातो. श्रीनिवास चांगला मुलगा आहे, मुलींना मनापासून शिकवतो. दसऱ्याला शेवटची पूजा करीन आणि त्याच्या हवाली करीन. तू तुझा घास अडवू नकोस, वेळेवर जेवत जा.

दादाला सांग, गुडघ्याला तेल लावून कोणाचं भलं झालेलं नाही, डॉक्टर मुलगा घरात आहे त्याला दाखव.

पद्मिनी

सेक्टर ३२, चंदीगड
७ ऑक्टोबर १९९७

प्रिय पद्मिनी,

फोन नको तर नको. लिहून पाठवते. पण आधी मी केवढी मेहनत घेतली ते वाच.

काल दुपारी माणसाला बर्फात उभा केला आणि सूर शोधत बसले. गुणगुणायचं, मग कागदावर लिहायचं, मग खोडायचं. नेत्रा पाहत होती. "आजी, यह कोई कोड है?" म्हणाली. म्हटलं, हो, यात गाणं लिहून पोस्टानं पाठवता येतं. तिचा विश्वासच बसेना. मग तिला सा रे ग म शिकवलं. संध्याकाळी पोरगी आईच्या पाठीमागे "नि सा ग रे" करत घरभर फिरत होती. आसावरीला वाटलं, शाळेत काही नवीन आलंय. इथे येऊन नेत्रा माझ्याशी हिंदीतच बोलते, मी मराठीत, असा आमचा कारभार चालतो. काल पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच भाषेत बोललो.

तर ही घे चाल. पहिला नि खालचा. लय माणूस बर्फातून पाय उचलत चालेल तेवढी.

नि़ सा ग रे – । ग म प – ।
म ग रे सा । नि़ सा रे – ।

एवढंच. हे झालं की परत पहिल्यापासून. कितीही वेळ उभं राहा, एवढंच वाजत राहतं. गंमत अशी की कंटाळा येत नाही. उलट वाटतं, आता काहीतरी होईल, आता होईल.

रागाचं नाव तेवढं सांग, मग मी तुला त्रास देणार नाही. पेटी देण्याबद्दलही बोलणार नाही. बघ, बोलले का?

तुझी,
सरलावहिनी

मिरज
२१ ऑक्टोबर १९९७

ती. वहिनी,

प्रवेशिकेच्या परीक्षकांनी तुला नापास केलं ते योग्यच केलं. ग लिहिलास. कोमल की शुद्ध? अक्षराखाली एक रेघ मारायची असते, तेवढी शाई चंदीगडला मिळत नाही का? मी शुद्ध धरून गुणगुणले. भाकऱ्या होईपर्यंत गुणगुणले. शिऱ्यात मीठ पडल्यासारखं लागत होतं. तोंडातून जाईना आणि बरं वाटेना.

दसऱ्याला पेटी पूजेसाठी माळ्यावरून काढली. शाल काढली नाही, वरूनच झेंडूचं फूल वाहिलं. श्रीनिवास दुपारी रिक्षा घेऊन यायचा होता. तोवर हात रिकामे होते. म्हटलं, एक सूर बघावा. फक्त ग. बाकी काही नाही.

भाता कडक झालाय. आतल्या बनातीला कसर लागलीय. मधली एक पट्टी दाबली की वर येत नाही, ओरडतच राहते. पण ग सापडला. कोमल आहे. निसुद्धा कोमल. तुझी ती रेघ दोन्हीकडे राहिली.

श्रीनिवास आला. त्याला म्हटलं, ही अशी अडकणारी पेटी शाळेला द्यायची म्हणजे आपलीच लाज. दुरुस्त करून घेते, दिवाळीनंतर ये. तो रिक्षा परत घेऊन गेला. यातून तू काही अर्थ काढू नकोस. दिलेली वस्तू धड असावी, एवढंच.

आता चालीबद्दल. सुरुवात ऐकून वाटतं भीमपलास. पण शेवट रे वर! भीमपलासात रे वर मुक्काम करतं का कोणी? माणसाला दारापर्यंत आणायचं आणि आत ये म्हणायचंच नाही, असं झालं हे. मी दहा वेळा तपासलं, तू रे चुकीचा ऐकलास का म्हणून. चुकीचा वाटत नाही. ज्यानं कोणी बांधली त्यानं मुद्दाम सोडलंय. आणि असं मुद्दाम सोडणारा माणूस अंतऱ्यात ते जुळवून आणतो.

अंतरा कुठाय? नुसतं ध्रुवपद घेऊन कोणी गाणं करत नाही, जपानी असो नाहीतर मिरजेचा. तो त्या यंत्रात कुठेतरी असणारच. नेत्राला सांग आणि शोधून पाठव. मला तो रे झोपू देत नाही.

पद्मिनी

सेक्टर ३२, चंदीगड
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय पद्मिनी,

दिवाळी छान झाली. मी चकल्या केल्या, ढिल्लों आंटींनी त्या "नमकीन जलेबी" म्हणून उचलल्या आणि बदल्यात पिन्न्यांचा, म्हणजे इथल्या कणकेच्या लाडवांचा, डबा दिला. तूप एवढं की शिशिरने डबा उघडला आणि डॉक्टरासारखा चेहरा केला. मग तीन खाल्ल्या.

तुझं पत्र मी मोठ्यांदा वाचून दाखवलं. नेत्रा म्हणाली, "आजी, यह लूप है. बस इतना ही बनाया है उन्होंने." मी म्हटलं, बाळा, अंतऱ्याशिवाय गाणं नसतं. ती म्हणाली, गेममध्ये असतं. मी म्हटलं, नसतं. शेवटी आंटींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पक्का होगा जी, कहीं छुपा होगा." दोघी आज्या एका बाजूला पडल्यावर पोरीचा नाइलाज झाला आणि शोध सुरू झाला.

बर्फाच्या गावात आम्ही एक दगड सोडला नाही. घराचं दार ठोठावलं. कुंपणावर चढलो. मी त्या माणसाला विहिरीतही टाकून पाहिलं. तो मेला, पुन्हा पहिल्या गावापासून आणावा लागला, आणि नेत्रा माझ्याशी जेवेपर्यंत बोलली नाही. मग पुढची गावं पाहिली. वाळवंट पाहिलं, समुद्र पाहिला. तिथे इतर गाणी आहेत, आपलं नाही.

तर अंतरा सापडला नाही. खूप शोधला, पण सापडला नाही. तू वाट बघशील म्हणून स्पष्ट लिहिते, सापडलेला नाही.

मग माझ्या मनात आलं की पेटी दुरुस्तीसाठी उघडलेलीच आहे, तर तूच अंदाज का करत नाहीस? चाळीस वर्षं लोकांच्या गाण्यांच्या मागे धावलीस. गवई कुठे जाणार हे त्याच्या आधी तुला कळायचं, गुरुनाथराव स्वतः सांगायचे. मग हा माणूस रे वरून पुढे कुठे गेला असेल?

श्रीनिवास आला होता का?

तुझी,
सरलावहिनी

मिरज
२८ नोव्हेंबर १९९७

ती. वहिनी,

अंदाज कर म्हणे. अंतरा म्हणजे काय पावसाचा अंदाज आहे?

दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. तिसऱ्या दिवशी पेटी दुरुस्त होऊन आली, तेव्हा सगळ्या पट्ट्या चालतात का ते बघायला बसले. बघताना काहीतरी वाजवावं लागतंच. म्हणून तुझी चाल वाजवली.

वहिनी, तुला सांगते. त्या रे वर आले की मला हे दिसायचे. पायात चपला घालून दारात. आठवतं ना तुला? कुठे निघाले की उंबऱ्यातून परत वळायचे, "पद्मिनी, एवढं एक ऐक," आणि चपला तशाच घालून एक ओळ गायचे, मी इकडे भात्यावर हात ठेवून बसलेली. आमचं सगळं गाणं असं दारात झालं. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलला नेताना तसेच वळले होते, पण दम नव्हता, नुसते हसले. ते गाणं माझ्याकडे तसंच राहिलं होतं. मी वर्षभर पेटी उघडली नाही ती या भीतीनं, की उघडली तर ते अर्धं गाणं ऐकू येईल. आलंच ऐकू. रडले खूप. पण नंतर हात थांबेनात. मला वाटलं, दारातला माणूस आत आणावा.

हा घे. ग आणि नि कोमल, शेवटच्या ओळीपूर्वी थोडं रेंगाळायचं.

ग म प नि – । सां – – – ।
नि सां रें सां । नि ध प म ।
प ग म – । ग रे सा – ।

सा वर आणून सोडलाय. साधा आहे. पण किती अंतरे करून फाडले ते विचारू नकोस. जन्मात पहिल्यांदा मी कोणाच्या मागे नाही, पुढे वाजवलं. भलतंच वाटलं. बरं वाटलं.

हा तात्पुरता समज. खरा सापडला की पाठव.

श्रीनिवास तुळशीच्या लग्नानंतर आला होता. थंडीनं सूर दबतात, आत्ता नेऊ नकोस म्हटलं. तो म्हणाला, बरं, मग जरा ऐकवा तरी. बसला, चहा झाला, ऐकलं, पुन्हा ऐकलं. बाहेर रिक्षा उभी होती. रिक्षावाला आत येऊन ओरडला तेव्हा आम्हाला आठवण झाली.

पद्मिनी

सेक्टर ३२, चंदीगड
१६ जानेवारी १९९८

प्रिय पद्मिनी,

उत्तराला उशीर झाला कारण घर आजारी होतं. इथली थंडी तुला कळायची नाही. धुकं असं की फाटकापाशी उभे असलेले तुझे दादा दिसत नाहीत, फक्त खोकला ऐकू येतो.

तुझं पत्र मी एकटीनं वाचलं, आणि मग पुन्हा वाचलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तू चिडशील. एवढंच लिहिते की मला देवापुढे साखर ठेवावीशी वाटली, आणि ठेवली.

आता परवाची लोहडी ऐक. इथे संक्रांतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अंगणात लाकडं रचून पेटवतात, आणि सगळा शेजार शेंगा-रेवड्या घेऊन भोवती जमतो. ढिल्लों आंटींनी ढोलकी आणली. गाणी झाली, नाच झाला. तुझ्या दादांचे सरदारजी गुडघे विसरून नाचले. मग आंटी म्हणाल्या, "हुण साडी मराठण गाऊगी." आता आमची मराठण गाणार, म्हणजे मी. मला काय सुचावं? दुसरं काही आठवेचना. मी नि सा ग रे सुरू केलं. शब्दांशिवाय, नुसते सूर.

आणि माझ्या शेजारून आवाज आला. नेत्रा. पोरीला तुझा अंतरा येत होता! माझं पत्र ठेवायचं ठिकाण तिला ठाऊक आहे, तिथून तिने तो स्वतःच वाचून बसवला. वरच्या सा वर ती थांबली तेव्हा फक्त लाकडं तडतडत होती. मग खाली उतरून सा वर आली आणि आंटींनी ढोलकीवर थाप मारली. पुढे काय सांगू! सगळं अंगण ते सूर घेऊन गात सुटलं. पंजाबी गळे ते, तुझी चाल त्यांनी पार आभाळात नेली. कोणीतरी विचारलं, "यह आप लोगों का लोकगीत है?" मी तोंड उघडायच्या आत तुझे दादा म्हणाले, "हां जी, मिरज का."

पद्मिनी, पाडव्याला ये. पेटी घेऊन ये. शाळेला द्यायची तर परत जाऊन दे, मी अडवणार नाही. पण एकदा इथे वाजव. आंटी रोज विचारतात, "वो मिरजवाली कब आएगी?"

खाली नेत्राला काही लिहायचंय. मी वाचायचं नाही अशी अट आहे.

तुझी,
सरलावहिनी

पद्मिनीआजी नमस्ते. मी नेत्रा. मराठीत पहिल्यांदा लिहिते आहे, गलती असेल तर सॉरी. तुमचा अंतरा मला फार आवडला. एक बात सांगायची आहे. गेम तर मी दिवाळीच्या छुट्टीमध्येच पूरा केला होता. एंडमध्ये तो माणूस घरी पोचतो आणि बर्फवालं गाणं परत येतं आणि त्याच्यापुढे अजून पण आहे. मी हरले, आजी जिंकली. आजीने ऐकलं आणि रडली आणि मला म्हणाली पद्मिनीआजीला सांगायचं नाही, पक्का प्रॉमिस. पण आता तुम्ही तुमचा बनवला ना, तर सांगू शकते असं मला वाटलं. लिफाफा मीच चिकटवणार आहे.

मिरज
३० जानेवारी १९९८

ती. वहिनी,

चोर कुठली!

पण चोरी आज पकडली गेली असं समजू नकोस. तू सरगम लिहून पाठवलीस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कॅनडाहून आलेल्या कॅसेटी घरात वाजतात, हे तूच कौतुकानं लिहिलंस. टू-इन-वनसमोर तो खेळ धरायचा, बटण दाबायचं, कॅसेट पोस्टात टाकायची, झालं असतं काम. ते सोडून प्रवेशिका नापास बाई दुपारभर सूर लिहीत बसते, ती कशासाठी? मी पेटी उघडावी म्हणून. रेघासुद्धा तू मुद्दाम गाळल्यास, असा माझा दाट संशय आहे.

आणि मग ते "सापडला नाही, सापडला नाही, सापडलेला नाही." घरात एक चमचा कमी झाला तर मोरीचा पाट उचलून बघणारी तू. अंतरा सोडून देतेस होय?

मी कळूनही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू पाठवला असतास, आणि मग मला बांधायला मिळाला नसता. त्यामुळे आपण दोघी सारख्याच. तुझ्यावर रागावले होते ते खरं, पण लोहडीचं वाचून तो राग गेला. यांच्या दारातल्या गाण्यावर कोणी ढोलकी वाजवेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझं मन भरून आलं, वहिनी.

श्रीनिवासला परवा सरळ सांगितलं, पेटी द्यायची नाही. तो म्हणाला, मला दसऱ्यालाच कळलं होतं, मी नुसता चहाला येत होतो. आता तो शाळेतल्या पाच-सहा मुलींना शनिवारी माझ्याकडे पाठवतो. एकीचा गळा बरा आहे. बाकीच्या पोह्यांसाठी येतात.

पाडव्याला येते. श्रीनिवास दिल्लीपर्यंत सोबत आहे, पुढे दादानं घ्यायला यावं. पेटी माझ्या मांडीवर असेल, सामानात देणार नाही.

चि. नेत्रास,

तुझं पत्र मी सगळ्या गल्लीला दाखवलं. मराठीत असंच लिही, सॉरीसकट. आता एक काम तुझ्याकडे. तो खेळातला अंतरा मला लिहून पाठवू नकोस आणि फोनवर तर मुळीच ऐकवू नकोस. त्या माणसाला बर्फाच्या गावात नेऊन उभा कर. तिथून पुढे त्याला घरी मी नेईन. पेटीवर जन्मभर दहा बोटं चालवली, तुझी बटणं मला जड नाहीत. नदी आली तर तेवढी मदत कर. तो घरी पोचला की आधी त्याचा अंतरा ऐकू, मग माझा वाजवीन. त्याचा माझ्यापेक्षा चांगला निघाला तर मी चार दिवस रुसून बसेन, हे आजीला आधीच सांगून ठेव.

पद्मिनी

सेक्टर ३२, चंदीगड
८ फेब्रुवारी १९९८

पद्मिनीआजी,

आजी माझ्याशी कट्टी होती, आता नाही. तुमचं पत्र वाचून ती इतकी हसली की चहा सांडला.

सेल नवीन टाकले. माणसाला बर्फाच्या गावात आणलं. मी पुढे नेत नाही आणि कुणालाच नेऊ देत नाही. आजी दुपारी फक्त ऐकते. ढिल्लों आंटीपण.

तो उभा आहे. लवकर या.

नेत्रा